अर्धा मैल आणि एक खोटी नोंद

आमच्या लालबागच्या चाळीत दिनदर्शिका भिंतीवर असे, पण घरातल्या बायकांची खरी दिनदर्शिका गोणपाटावर असे. दाराआड, मोरीच्या विरुद्ध कोपऱ्यात, गुंडाळी करून उभे ठेवलेले ते गोणपाट ज्या दिवशी पसरले जाई, त्या दिवशी त्यावर बसणारी बाई किंवा मुलगी चार दिवस 'बाहेरची' असे. तिचा तांब्या वेगळा, थाळी वेगळी, चुलीला हात नाही, पाण्याच्या पिंपाला हात नाही. गॅलरीतून जाणाऱ्या कोणालाही उघड्या दारातून ते दिसे. त्यामुळे दुसऱ्या मजल्यावरच्या प्रत्येक स्त्रीची तारीख बाकी सगळ्या स्त्रियांना पाठ होती. मी त्या वेळी माटुंग्याच्या एका महाविद्यालयात जीवशास्त्र शिकत होते. ही प्रथा निरर्थक आहे, हे मी घरात अनेकदा सांगितले होते आणि कोणीही ऐकले नव्हते. महाविद्यालयात बेडूक चिरून यायचे आणि घरी येऊन गोणपाटावर बसून वेगळ्या थाळीत जेवायचे, असा माझा क्रम होता. पण आज मागे पाहताना मला एक गोष्ट मान्य करावी लागते. निरीक्षणाचे साधन म्हणून ते गोणपाट फार विश्वासार्ह होते. ते खोटे बोलत नसे. त्याला खोटे बोलायला मी शिकवले, आणि ते कसे, हेच या प्रकरणात सांगायचे आहे.

दोन खोल्यांत आम्ही चौघे राहत होतो. बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर, होते. साच्यांच्या आवाजामुळे त्यांना जरा कमी ऐकू येई, म्हणून घरात सगळेच मोठ्याने बोलत आणि आमची कोणतीही गोष्ट खाजगी राहत नसे. आई बोलायला कमी आणि पाहायला तीक्ष्ण होती. चौथी व्यक्ती म्हणजे बाबांची मोठी बहीण, भागीरथीआत्या. तिचे यजमान लवकर गेले होते, मुलगा आगबोटीवर खलाशी होता, आणि मालवणकडचे घर बंद करून ती आमच्याकडे राहायला आली होती. येताना तिने एक पाटा-वरवंटा, दोन पोती नाचणी आणि स्त्रीच्या शरीराविषयीचे सगळे नियम बरोबर आणले. आमचे घर तिच्या तिरफळांच्या आणि सुक्या बांगड्याच्या वासाने भरलेले असे. सकाळी गिरणीचा पहिला भोंगा झाला की तिच्या भाकरीची थापथाप सुरू होई, आणि दुसरा भोंगा होईपर्यंत बाबांचा डबा भरून तयार असे.

या दोन भोंग्यांच्या मध्ये मी धावत असे.

त्याची सुरुवात कर्णिक बाईंनी केली. त्या आमच्या महाविद्यालयात मुलींच्या खेळांच्या शिक्षिका होत्या. गळ्यात दोरीने अडकवलेले थांबघड्याळ आणि पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट, अशा वेशात त्या साडीवरही तरातरा चालत. वार्षिक क्रीडास्पर्धांत मुलींना शंभर आणि दोनशे वीस यार्डांपलीकडे धावू देत नसत. त्याहून लांब धावणे स्त्रीच्या प्रकृतीला झेपत नाही, असे क्रीडासमितीचे मत होते. बाईंनी समितीपुढे अर्ध्या मैलाचा आग्रह धरला. समितीने नकार दिला नाही. तिने अटी घातल्या. निदान तीन मुली पाहिजेत, प्रत्येकीने वडिलांची संमती आणि स्त्री-डॉक्टरचा दाखला आणला पाहिजे, आणि शर्यतीच्या वेळी मैदानावर स्ट्रेचर ठेवले पाहिजे. एकही मुलगी कमी पडली तर शर्यत रद्द. बाईंना तीनच मुली मिळाल्या. एक माझगावची ख्रिस्ती मुलगी, दुसरी आमच्या शेजारच्या चाळीतली पुष्पा कांबळे, आणि तिसरी मी.

"तुमच्यापैकी एक जरी गळली," बाई म्हणाल्या, "तरी मला पुढची पाच वर्षं कोणी हा विषय काढू देणार नाही. तेव्हा नीट विचार करून हो म्हणा."

मी विचार न करता हो म्हटले.

बाबांची संमती सहज मिळाली असती. त्यांना वाटले होते, मी बक्षीस समारंभाविषयी काही विचारते आहे. पण आत्याने भाकरी तव्यावर तशीच ठेवली आणि ती वळली.

"बायलमाणसान धावूचा नसता. पिशवी सरकता."

"कुठे सरकते?" मी विचारले.

"खाली."

"आत्या, गर्भाशय बंधांनी धरलेलं असतं. मी आकृती दाखवते तुला."

"आकृती तुझ्या मास्तरांका दाखव. माका इचारूचा होता, तर आधी इचारूचा होता."

भाकरी करपली. आई पुढे झाली आणि तिने ती उलथली. वाद दोन दिवस चालला. शेवटी बाबांनी, त्यांच्या युनियनमध्ये होत असत तशा पद्धतीने, तडजोड काढली. मी तीन महिने सराव करायचा. त्या काळात माझे दिवस वेळच्या वेळी आले, तर धावण्याने अपाय होत नाही असे आत्याने मानायचे आणि संमतीच्या कागदावर बाबांनी सही करायची. ते चुकले, तर मी धावणे सोडायचे. पुरावा गोणपाटाचा. मी लगेच चार दिवसांची सूट मागून घेतली. कोणत्याही मोजमापात थोडी चूक धरावी लागते, असे मी बाबांना समजावले. आत्या म्हणाली, "चार ते चार. पाचव्या दिसाक धावणा बंद." मला हा करार फार आवडला. माझ्या मनाशी मी त्याला प्रयोग म्हणू लागले.

एक जाड वही घेतली. डाव्या पानावर तारीख, अंतर, धावण्याआधीची आणि नंतरची नाडी, झोप. उजव्या पानावर इतर निरीक्षणे आणि पाळीचे दिवस. प्रयोगशाळेत आम्हाला शिकवले होते की नोंद शाईने करावी, खोडरबर वापरू नये, आणि चूक झालीच तर एक आडवी रेघ मारून शेजारी योग्य नोंद लिहावी. मूळ नोंद वाचता आली पाहिजे, आणि दुरुस्तीच्या वेळी हजर असलेल्या कोणाची तरी सही घेतली पाहिजे. हा नियम मी पहिल्या पानावर वळणदार अक्षरात लिहिला.

पहिला भोंगा झाला की पुष्पा खाली येऊन उभी राहत असे. तिचे वडील गोदीत होते. धर्मांतरानंतर त्यांनी घरातल्या अनेक जुन्या चाली एका झटक्यात बंद केल्या होत्या, आणि बाहेर बसणे ही त्यांपैकी एक. "आमच्याकडे गोणपाट भांडी पुसायला घेतलं," असे तिने मला सांगितले तेव्हा मला तिचा मनापासून हेवा वाटला. आम्ही सलवार-कमीज घालून, ओढणी कमरेला बांधून, गिरणीच्या लांब भिंतीकडेने रे रोडच्या लाकडाच्या वखारींपर्यंत जात असू आणि परत येत असू. वखारींत ओल्या सागाचा वास असे. कामाच्या पाळीवर निघालेले कामगार आधी थांबून पाहत. पुढे त्यांना सवय झाली आणि त्यांच्यातला एक म्हातारा रोज म्हणू लागला, "पोरींनो, पळा, दरवाजा बंद होईल." आम्ही गिरणीला उशीर झालेल्या बायका आहोत, असा त्याचा समज होता की तो चेष्टा करत होता, हे आम्हाला शेवटपर्यंत कळले नाही. पुष्पा धावताना गप्पा मारी. मी मारत नसे. मी श्वास मोजत असे.

पहिला महिना उत्तम गेला. शनिवारी बाई घड्याळ लावून आम्हाला अर्धा मैल धावायला लावत, आणि माझी वेळ कमी होत होती. वखारीच्या रस्त्यावर कोळशाची एक वखार होती. तिथल्या वजनकाट्यावर मालकाच्या परवानगीने मी दर आठवड्याला उभी राहत असे. तो वजन शेरांत सांगे, मी पौंडांत मांडत असे, आणि घरी आल्यावर काळ्या पावलांबद्दल आईची बोलणी खात असे. तीन-चार आठवड्यांनी आलेखाच्या कागदावर वजन आणि वेळ मांडून पाहिले. वजन थोडे उतरले होते आणि वेळही उतरली होती. बिंदू जवळजवळ एका सरळ रेषेत होते. मी पट्टी ठेवली आणि ती रेषा पुढे वाढवली.

त्या रेषेचा मला आजही राग येतो. पुढे आयुष्यभर मी शरीरक्रियाशास्त्र शिकवले, आणि दर वर्षी पहिल्या तासाला विद्यार्थ्यांना सांगितले की मोजलेल्या बिंदूंच्या पलीकडे रेषा ओढताना हात थोडा कापला पाहिजे. माझा कापला नव्हता. वजन आणखी उतरवले की वेळ आणखी उतरेल, हे मला गणितासारखे स्पष्ट दिसले. सकाळी मी अर्धा कप चहावर धावू लागले. दुपारच्या डब्यातली भाकरी मैत्रिणींना वाटू लागले. रात्रीचा भात सोडला. आत्या तिरफळे घालून बांगड्याचे तिखले करी, त्याचा वास जिन्यापर्यंत येई, आणि मी म्हणे, "पोट भरलंय." आत्या थाळीकडे पाही, मग आईकडे पाही. आईची नजर माझ्या मनगटांवर असे. दुसऱ्या महिन्याचे दिवस आले ते चार दिवस उशिरा, सवलतीच्या अगदी काठावर. मी वहीत तारीख लिहिली आणि 'अपेक्षित मर्यादेत' असा शेरा दिला.

ते दिवस चळवळीचे होते. आमच्या चाळीत संध्याकाळी सभा भरे, गॅलरीच्या कठड्यांना फलक टांगलेले असत, आणि मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र या तीन शब्दांवाचून कोणाचे बोलणे पूर्ण होत नसे. एकदा मागणीच्या कागदावर सह्या घेत कार्यकर्ते आले. बाबांनी सही केली, आईने केली. आत्यापुढे शाईची गादी आली तेव्हा तिने अंगठा मागे घेतला. "माका आठ दिस देया," असे तिने त्यांना सांगितले. आठ दिवस ती दुपारी पाटीवर माझ्याकडून आपले नाव गिरवून घेत होती. नवव्या दिवशी तिने कागदावर 'भागीरथी' असे लिहिले. शेवटचे अक्षर ओळ सोडून वर चढले होते. तो कागद कार्यकर्ते नेईपर्यंत तिने तो दोनदा परत मागून पाहिला.

पुढच्याच आठवड्यात बायकांचा मोर्चा निघाला. आई आणि आत्या दोघी गेल्या. पुढे कुठेतरी अश्रुधूर सुटला, धावपळ झाली, आणि आई आत्याचा हात धरून पळत दोन गल्ल्या ओलांडून घरी आली. दोघींचे डोळे लाल होते. आई मोरीत जाऊन तोंड धुऊ लागली. आत्या भिंतीला टेकून खाली बसली, तिचा चेहरा पांढरा पडला होता आणि लुगड्याच्या निऱ्या तिने मुठीत घट्ट धरल्या होत्या. मी तिची नाडी पाहिली. मला काळजी वाटायला हवी होती. मला आनंद झाला, कारण माझ्या बाजूचा पुरावा स्वतःच्या पायांनी घरी आला होता.

"आत्या," मी म्हटले, "धावलीस ना? मग सांग आता, पिशवी कुठे आहे?"

आत्या आडवी झाली आणि भिंतीकडे तोंड करून निजली. आई मोरीतून बाहेर आली आणि म्हणाली, "सुलभा, जा, चहा टाक." तेवढेच. त्या दोघींमधले काहीतरी मला माहीत नाही, हे मला कळायला हवे होते.

तिसऱ्या महिन्यात दिवस आले नाहीत. एक, दोन, तीन. माझी शनिवारची वेळ आधीच उतरायची थांबली होती. उलट दोन शनिवार ती चढली होती. नडग्या दुखत. बोटे थंड पडत. याचा अर्थ वजन अजून पुरेसे उतरलेले नाही, असे मी वहीत लिहिले होते. चौथा दिवस उजाडला. शर्यत सहा आठवड्यांवर होती, डॉक्टरांकडे जाण्याचा दिवस ठरला होता, पुष्पाचा दाखला आलेला होता, आणि दारामागे ती गुंडाळी उभी होती. आत्या चुलीशी होती. मी जाऊन गोणपाट काढले, पसरले, आणि बसले.

तिने वळून पाहिले. "बरा झाला," ती म्हणाली, आणि पाण्याचा तांब्या भरून माझ्यापासून हातभर अंतरावर ठेवला. तिच्या आवाजात खरीखुरी सुटका होती. माझ्या काळजीने ती माझ्याहून बारकाईने दिवस मोजत होती, हे त्या आवाजावरून मला समजले. चार दिवस मी तिथे बसले. वहीत शाईने तारीख लिहिली. अक्षर नेहमीपेक्षा चांगले आले होते.

गिरगावात डॉक्टर तेलंग या बाईंचा दवाखाना होता. ट्रामने मी आणि आत्या गेलो. तरुण मुलीने अशा कामाला एकटे जाऊ नये, असे आईने ठरवले होते. बाई साठीच्या, गोऱ्या, अंगाने बारीक, केसांचा घट्ट अंबाडा. त्यांनी माझी नाडी पाहिली, छाती ऐकली, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या आणि जरा वेळ तशाच धरून ठेवल्या. मग समोर बसून पेन उघडले.

"मागची पाळी कधी?"

तारीख माझ्या जिभेवर होती. पण मी तोंड उघडण्याआधीच शेजारच्या स्टुलावरून आत्या बोलली.

"गेल्या एकादशीक, डॉक्टरीणबाई. वेळेर इली. मी सोता पाण्याचो तांब्यो दिलंय तेका."

ती माझ्या बाजूने साक्ष देत होती. तीन महिने जिने माझ्या धावण्याला विरोध केला, ती करारात हरली होती आणि हरल्यावर प्रामाणिकपणे माझी वकिली करत होती. मी खोटी तारीख एकटीने सांगू शकले असते. तिच्या तोंडून ती ऐकल्यावर मला ती पुढे नेता येईना.

"नाही," मी म्हणाले. "मी बसले होते. पण पाळी आली नव्हती. अजूनही आलेली नाही."

आत्याने माझ्याकडे पाहिले. रागाने नाही, जणू पायरी आहे असे समजून टाकलेला पाय पोकळीत पडावा, तसे.

"खोटा कित्याक बोललंस गो?"

डॉक्टर तेलंगांनी पेन खाली ठेवले. "काल काय काय खाल्लंस, ते सकाळपासून सांग," त्या म्हणाल्या. मी सांगितले. सांगून व्हायला फार वेळ लागला नाही.

"आणि किती धावलीस?"

तेही सांगितले.

"म्हंजे धावल्यानच ना?" आत्या पुढे सरकली. "पिशवी सरकली तिची?"

"पिशवी काही शिंक्यावर टांगलेली नसते, बाई, हलली की खाली यायला," डॉक्टर म्हणाल्या. "धावण्याने ती सरकत नाही. पण घरात धान्य कमी पडलं तर तुम्ही काय करता? पाहुण्यांना बोलावणं थांबवता ना? शरीर तेच करतं. पोटाला पुरेसं मिळालं नाही की ते म्हणतं, मूल-बाळ हा विषय तूर्त नको. दुष्काळात बायकांचं असंच होतं. ही मुलगी पोटभर खाऊन एवढीच धावली असती तर मी आत्ता दाखला लिहिला असता." मग माझ्याकडे वळून, "तुझ्याबरोबर अजून कोणी धावतं?"

"पुष्पा."

"ती काय खाते?"

"सगळं," मी म्हटले.

"आणि तिचे दिवस?"

पुष्पाचे दिवस वेळेवर येत होते. ती मला दर महिन्याला सहज सांगत असे, आणि मी ऐकून सोडून देत असे. माझ्या प्रयोगात तुलनेसाठी एक निरोगी मुलगी रोज सकाळी माझ्या शेजारी धावत होती, गप्पा मारत होती, आणि मी श्वास मोजण्याच्या नादात तिच्याकडे पाहिलेच नव्हते. डॉक्टरांनी मला धावणे बंद करायला सांगितले नाही. त्या म्हणाल्या, दोन आठवडे निम्मे धाव, दोन्ही वेळ पोटभर जेव, दाखल्यासाठी महिन्याने ये. तोवर दिवस आलेले असले तर मी सही करीन, आणि आले नसले तर तू धावणार नाहीस, समजलं? मी समजलं म्हणाले. शर्यत त्या महिन्यानंतर चौथ्या दिवशी होती.

मी उठले, पण आत्या उठेना. ती पदराचे टोक बोटाला गुंडाळत होती.

"मग माझा कसा इला भायर?" तिने खाली पाहत विचारले.

तेव्हा मी पहिल्यांदा ती गोष्ट ऐकली. बाळंत होऊन तिला आठ दिवस झाले होते. मुंबईहून यजमानांचा निरोप आला, आगबोट त्याच दिवशी सुटत होती. "डोक्यार ट्रंक, कडेर आठ दिसांचो झील. आगबोट चुकली आसती, म्हणान धावलंय." बंदरावर पोचली तेव्हाच तिला कळले होते की अंग खाली आले आहे. तेव्हापासून, मी जन्मल्याच्याही आधीपासून, ती ते निऱ्यांच्या आत सावरत चालत होती, पाण्याचे हंडे उचलत होती आणि आमच्या चाळीचे जिने चढत होती. हे फक्त आईला माहीत होते. मोर्च्यातून आल्यावर तिने निऱ्या का धरल्या होत्या, ते मला त्या खोलीत समजले, आणि मी विचारलेला प्रश्नही आठवला.

"आठ दिवसांची ओली बाळंतीण आणि डोक्यावर ट्रंक," डॉक्टर हळू म्हणाल्या. "दोष पायांना कसा द्यायचा? ओझं ट्रंकेचं होतं. या, आत या, मला बघू द्या." पंधरा-वीस मिनिटांनी आत्या पडद्याआडून आली. अंग वर धरून ठेवणारे एक रबरी कडे आत बसवले होते, दर काही महिन्यांनी बदलायचे. ती दारापर्यंत चालली, थांबली, परत खुर्चीपर्यंत आली आणि पुन्हा दारापर्यंत गेली. ट्रामच्या थांब्यावर ती एवढेच म्हणाली, "इतक्या वर्सांत कोणाक इचारलंयच नाय."

ट्राम भायखळ्याच्या पुढे आली. मग मी म्हटले, "आत्या, त्या दिवशी मी जे विचारलं ते चुकलं माझं." ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "चुकला. आता जेव गप."

घरी आईला सांगणे उरले होते. ती तांदूळ निवडत होती. मी सगळे सांगितले. ती निवडतच राहिली.

"दोरी रिकामी होती," ती म्हणाली.

मोरीच्या मागे एक आडोशाची दोरी होती. त्या दिवसांतली धुतलेली फडकी आम्ही तिथे दुसऱ्या कपड्याखाली वाळत घालत असू. चार दिवस तिथे काहीच नव्हते. गोणपाटाला शिकवले होते, पण दोरीचे माझ्या लक्षातच आले नव्हते.

"मग बोलली का नाहीस?"

"तू मोजणारी मुलगी. म्हटलं, स्वतःच मोजेल." तिने सूप आपटले. "आणि भीती वाटत होती, मी विचारलं तर तू आणखी एक खोटं बोलशील."

दुसऱ्या दिवसापासून आत्याने माझ्या पोटाचा ताबा घेतला. पहिल्या भोंग्याआधी नाचणीची आंबील, त्यात गूळ. धावून आल्यावर भाकरी आणि लोण्याचा गोळा. डब्यात उकडलेली अंडी, आणि डबा परत आल्यावर कोणी किती खाल्ले याची चौकशी. तिखले, सोलकढी, भात, आणि वर पुन्हा भात. ती समोर बसून राही आणि मी शेवटचा घास घेतल्याशिवाय उठत नसे. त्या तीन-चार आठवड्यांइतके चविष्ट जेवण मी नंतर कधी जेवले नाही. कोळशाच्या काट्यावर वजन चढले तसे वखारीचा मालकही खूश झाला. त्याला वाटत होते, मी आजारातून उठते आहे. शनिवारची वेळ खाली येऊ लागली. माझी सुंदर रेषा उलट्या दिशेने चालली होती. पण दिवस काही येईनात. पुष्पा रोज सकाळी जिन्याखालून विचारी, "आली?" आणि मी नाही म्हणून मान हलवी. एक मुलगी कमी तर शर्यत रद्द. ती कधी त्याचा उच्चार करत नसे. फक्त त्या वाक्याशी येऊन गप्पा थांबत.

महिना भरायला तीन दिवस असताना, सकाळी, पहिल्या भोंग्याआधी मी उठले आणि मला कळले. मी दाराआडच्या कोपऱ्याकडे गेले. आत्या आधीच उठली होती. तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिले, हातातले पीठ झटकले, आणि मोरीमागच्या दोरीवरचा टॉवेल बाजूला सरकवून जागा केली. गोणपाटाकडे तिने पाहिलेसुद्धा नाही. "आंबील चुलीर आसा," ती म्हणाली. "घेऊन खा तुझा तूच." चुलीजवळ जाऊन, त्या दिवसांत, मी त्या घरात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने वाढून घेतले. आईने पाहिले आणि पिंपावरचे झाकण नीट केले. त्यानंतर आमच्या घरात गोणपाट कोणी पसरले नाही. तो निर्णय कधी झाला, कोणी केला, हे कोणाला सांगता येणार नाही.

डॉक्टरांनी दाखल्यावर सही केली, बाबांनी संमतीवर केली, आणि शर्यतीच्या दिवशी आत्या मैदानावर आली. तिच्यासाठी खुर्ची नव्हती. समितीच्या अटीप्रमाणे आणलेले स्ट्रेचर झाडाखाली ठेवले होते. आत्या त्यावर ऐसपैस बसली आणि तिने शेंगांची पुडी सोडली. समितीतल्या एका गृहस्थांनी तिला उठवण्याचा प्रयत्न केला.

"ह्या कोणासाठी?" तिने विचारले.

"मुलींना भोवळ आली तर."

"येवची नाय. त्यांनी खाल्ल्यानी हा," असे म्हणून तिने त्यांच्यापुढे शेंगा केल्या.

पुष्पा पहिली आली, आणि शेवटच्या वळणावर ती मला काहीतरी सांगतच होती. मी दुसरी आले. माझगावच्या मुलीचा बूट सुटला, तो हातात घेऊन तिने शर्यत पूर्ण केली. स्ट्रेचरवर शेंगांची टरफले तेवढी पडली.

आठवड्याने कर्णिक बाईंनी माझी वही मागितली. पुढच्या वर्षी शर्यत कायम राहावी म्हणून त्या समितीला पत्र लिहिणार होत्या, आणि सोबत एका मुलीच्या चार महिन्यांच्या नोंदी जोडणार होत्या. वही उघडली तेव्हा ते चांगल्या अक्षरातले पान समोर आले. तसेच ठेवले असते, तर पत्र अधिक भक्कम झाले असते. खरे लिहिले, तर कोणीही बोट ठेवून म्हणू शकत होते, पाहा, धावली आणि दिवस चुकले. मी संध्याकाळभर ती वही घेऊन गॅलरीत बसले. मग घरात येऊन त्या तारखेवर एक आडवी रेघ मारली आणि शेजारी लिहिले: 'ही नोंद खोटी आहे. या महिन्यात पाळी आली नाही. आहार अपुरा होता. पुढील पाने पाहावीत.'

"आत्या, इथे सही हवी," मी म्हटले. "नियम आहे. दुसऱ्या कोणाची तरी."

तिने पदराला हात पुसले आणि वहीवर वाकली. "काय लिवलंस?"

मी वाचून दाखवले. तिने पहिल्या वाक्याशी बोट ठेवले. "ह्या सगळ्यांक दिसतला?"

"दिसेल."

"मगे बरा," असे म्हणून तिने पेन घेतले.

शर्यत पुढच्या वर्षी झाली, आणि त्याच्या पुढच्याही. आता माझी नात समुद्राकाठी दहा-दहा मैल धावते, मनगटावरचे घड्याळ तिची नाडी आपोआप मोजते, आणि मी तिला फक्त एकच प्रश्न विचारते: जेवलीस का? वही माझ्याकडे परत आली ती अजून आहे. त्या पानावरची माझी शाई फिकट होऊन तपकिरी झाली आहे. खोडलेली तारीख नीट वाचता येते. आणि तिच्या शेजारी, 'भा'पासून सरळ निघून शेवटच्या अक्षराशी ओळ सोडून वर चढलेले, तिचे नाव आहे.